आल्यागेल्याची मूठ

सातवीत मी जिथं थांबले, तिथं फळ्यावर एक तराजू काढलेला होता. डाव्या पारड्यात एक पिशवी आणि तीन वजनं, उजव्या पारड्यात दहा वजनं. पिशवीवर गुरुजींनी एक्स लिहिला होता. पिशवीत काय आहे ते उद्या बघू, असं म्हणून त्यांनी हातावरचा खडू झटकला आणि घंटा झाली. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले नाही. भाताच्या रोवणीचे, म्हणजे लावणीचे दिवस होते, आई तापानं पडली होती आणि शेतातल्या बांधीवर चौदा माणसांचं जेवण न्यायचं होतं. तिसऱ्या दिवशीही गेले नाही, आणि मग कधीच गेले नाही. पिशवीत सात वजनं असणार हे मला तेव्हाही दिसत होतं. पण ती बाहेर काढायची रीत काय, ते उद्यावर राहिलं. तो उद्या यायला एकोणीस वर्षं लागली.

माझं माहेर भंडाऱ्याकडचं, सासरही तिकडचंच. भाताचा मुलूख. नवऱ्याला बीडजवळच्या एका खडीक्रशरवर मशीन चालवायचं काम मिळालं, म्हणून आम्ही इकडं आलो. तीन गाड्या बदलल्या. खिडकीबाहेरचं हिरवं कमी कमी होत गेलं तशी मी नवऱ्याकडं सरकत गेले. मी मुळातच भित्री. कुलूप लावलं की चार पावलं जाऊन परत येऊन ओढून बघणारी. नवरा म्हणाला, तिथंही माणसंच राहतात. ते मलाही माहीत होतं, पण माहीत असल्यानं भीती जाते असं थोडंच असतं.

पोचलो तेव्हा दुपार टळली होती. खोली आधी बोलून ठेवली होती. मालकीण शिवणकाम करणारी, साठीच्या आसपासची. गल्ली त्यांना खाला म्हणते, म्हणून मीही खालाच म्हणू लागले. खोलीच्या भिंतींना लावलेला चुना अजून ओला होता. खालांनी सामान ओट्यावर ठेवायला लावलं, आत गेल्या आणि दोन ताटं घेऊन आल्या. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, फोडलेला कांदा. घरात त्यांचा मुलगा, सून, दोन नातवंडं. मी संकोचून म्हटलं, आमच्यामुळं तुमच्यातल्या कुणाला तरी कमी पडेल. खाला मशीनवर बसता बसता म्हणाल्या,

“कमी कावून पडल? दोन भाकरी रोज जास्तीच्याच असत्यात. कुणी आलं तर त्याच्या, न्हाई आलं तर सकाळच्या.”

घास तोंडात होता आणि मला रडू फुटलं. खालांना वाटलं, भाजी तिखट लागली. त्यांनी गुळाचा खडा आणून ठेवला. मला काय झालं होतं ते मी त्यांना बऱ्याच दिवसांनी सांगितलं.

रोवणीच्या त्या पहिल्या दिवशी आईनं अंथरुणातून सांगितलं होतं, चौदा माणसं आहेत. मी चौदा माणसांचा भात रांधला. अगदी मोजून. एका माणसाला किती लागतो ते मला ठाऊक होतं, चौदानं गुणलं आणि तेवढे तांदूळ घेतले. हिशेब बरोबर आला म्हणून मी मनात खूश होते. बांधीवर पोचले तर सोळा माणसं. शेजारच्या गावच्या दोन बाया ऐनवेळी कामाला आल्या होत्या. सगळ्यांना वाढून झालं तेव्हा टोपलीत काही नव्हतं. बाबा म्हणाले, मला भूक नाही. मीही म्हणाले, मला नाही. आम्ही दोघं एकमेकांकडं न बघता बांधावर बसलो. घरी येऊन सांगितलं तेव्हा आई रागावली नाही. एवढंच म्हणाली, मोजून रांधू नये पोरी, वर एक मूठ आल्यागेल्याची टाकावी. शंभराच्या आत माणसं असली तर पाच माणसांचं जास्तीचं धरावं.

तेव्हापासून मी घरी कधी मोजून रांधलं नाही. बरोब्बर उत्तर आलं की मला अजूनही वाटतं, कोणीतरी उपाशी राहिलं.

पालीच्या धरणाच्या अंगाला एका वस्तीवर आठवीपर्यंतची शाळा आहे. तिथं पोषण आहाराची खिचडी शिजवायला बाई हवी होती. खालांच्या ओळखीनं मला ते काम मिळालं. आम्ही दोघी शिजवायचो. माझी जोडीदारीण त्याच वस्तीवरची, जुनी, चूल पेटवण्यात पटाईत. बोलायला मात्र सुरुवातीला अवघड गेलं. ‘का’ विचारताना मी ‘कायले’ म्हटलं की ती हसायची आणि ती ‘कावून’ म्हणाली की मी. माझ्या गावी ‘काहून’ही म्हणतात, हे सांगितल्यावर मात्र तिला मी जरा जवळची वाटले.

धान्य मोजून द्यायचं काम गणिताच्या बाईंकडं होतं. बाई नेकनूरहून बसनं यायच्या. वय माझ्याएवढंच, घर शेतकऱ्याचं, आवाज खणखणीत. हजेरी झाली की वहीत बघून आकडा सांगायच्या, लहान मुलांना एवढे ग्रॅम, मोठ्यांना तेवढे, आणि काट्यावर तांदूळ तोलून द्यायच्या. एकदा काट्याचा सेल संपला. बाई म्हणाल्या, आता काय करायचं. मी म्हटलं, द्या इकडं, आणि पोरांचा आकडा विचारून हातानंच तांदूळ घेतले. दुसऱ्या दिवशी नवा सेल आला तेव्हा त्यांनी मुद्दाम मला परत तसेच घ्यायला लावले आणि काट्यावर ठेवले. मग काट्यावरचा आकडा वाचून म्हणाल्या,

“तुमच्या हातात काटा हाय ताई. पण तो दीडशे ग्रॅम पुढं पळतोय.”

मी घाबरले. वाटलं, चोरीचा आळ येतोय की काय. पटकन सांगून टाकलं, की ती वरची मूठ आहे, आल्यागेल्याची, मी घरी काही नेत नाही.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “रोज किती जण येतेत?”

मी सांगितलं, कधी कोणीच नाही. कधी तपासणीचे साहेब येतात. कधी कोणाची धाकटी बहीण दप्तर नसताना येऊन बसते. नारायणगडावर यात्रा असली की उलटंच, निम्मी पोरं गायब.

“म्हंजे आकडा माहीत न्हाई, पण कुणीतरी हाय असं धरून चालायचं.”

“हो.”

“मग तुमी रोज एक्सच शिजवताव की.”

एक्स म्हटल्याबरोबर माझ्या डोळ्यांसमोर तो फळा आला. मी बाईंना तराजूची गोष्ट सांगितली. शाळेच्या भिंतीशी बसून, खिचडी रटरटत असताना. त्यांनी जमिनीवर काडीनं तराजू काढला, पिशवी काढली, तीन आणि दहा वजनं काढली आणि म्हणाल्या, दोन्हीकडनं तीन-तीन उचला. मी बोटानं तीन रेघा इकडच्या पुसल्या, तीन तिकडच्या. डावीकडं नुसती पिशवी राहिली. उजवीकडं सात.

एवढंच होतं. एवढ्यासाठी मी एकोणीस वर्षं स्वतःला ढ समजत होते. रीत कळल्याचा आनंद मोठा होता, पण त्याहून जास्त, गुरुजी दुसऱ्या दिवशी हेच सांगणार होते आणि मी तिथं नव्हते, याचं वाईट वाटलं.

दहावीचं बाईंनीच काढलं. शाळेचा पट घसरत चालला होता. अजून थोडा खाली गेला की दोन बायांचं काम एकीवर येणार होतं, आणि जोडीदारीण वस्तीवरची, माझ्या आधीची. दोनातून एक वजा केली तर कोण उरणार, ते उत्तर काढायला बाईंची गरज नव्हती. बीडमध्ये मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला कायम बाई घेणार होते. मी जाऊन आले. तिथल्या मॅडमना माझ्या हातचं पिठलं आवडलं, पण म्हणाल्या, दहावी पास पाहिजे, तेवढं करा, मग तुमचं नाव लिहिते. बाईंनी मला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून बसायचा. नवऱ्याला वाटलं होतं मी चार दिवसांत सोडीन. पण क्रशरवरून आल्यावर तोच माझी पुस्तकं धुळीतून उचलून फडक्यानं पुसून ठेवायचा.

दुपारी भांडी घासून झाली की मी आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसायची. बाकीचे विषय पाठ करता येतात. गणित पाठ होत नाही. त्यातही नुसती आकडेमोड असली तर मी करायची, पण शब्दांतलं उदाहरण आलं की माझं भांडण सुरू. आठ माणसं एक काम बारा दिवसांत करतात, तर सहा माणसं किती दिवसांत? मी अठरा सांगितले. बाई म्हणाल्या, सोळा येतात, अठरा कसे? मी म्हटलं, सोळा दिवसांत दोन आठवडी बाजार येतात, माणसं बाजाराला जाणारच. अख्खा वर्ग हसला. बाईंनी सगळ्यांना गप्प केलं आणि मला म्हणाल्या, ताई, गणितातली माणसं बाजाराला जात न्हाईत. ती आजारी पडत न्हाईत, त्यांच्याकडं पाव्हणे येत न्हाईत. ती बिचारी नुसतं काम करत्यात.

मला त्या माणसांची दया आली. खरंच आली. सहा माणसं सोळा दिवस न थांबता भिंत बांधतायत, कोणी पाणी विचारत नाही.

पण बाईंनी एक चांगलं केलं. माझी भांडणं त्यांनी मोडून काढली नाहीत, वापरली. ज्याचा आकडा माहीत नाही त्याला पाहुणा म्हणायचं, त्याला पंगतीत पाट मांडायचा, म्हणजे एक्स लिहायचा, आणि बाकी सगळ्यांना वाढून झालं की तो किती ते आपोआप कळतं, असं त्या मला समजावत. त्यानं माझी भीती बरीच गेली. पाहुण्याला घाबरायचं काय? उदाहरण वाचलं की मी आधी शोधायची, यातला पाहुणा कोण. कधी आईचं वय, कधी शेताची लांबी, कधी बसमधल्या बाया. एकदा पाहुणा सापडला की पुढचं हात आपोआप करायचे, जसे फोडणीला करतात.

मार्चमध्ये परीक्षा झाली. बाकीचे पेपर बरे गेले. गणिताच्या पेपरात एक उदाहरण आलं आणि मला वाटलं, हे माझ्यासाठीच घातलंय. एका कार्यक्रमात जेवणाच्या काही पंगती बसल्या. प्रत्येक पंगतीत वीस जण बसवले तर बारा जण उरतात, तेवीस बसवले तर कोणीच उरत नाही. तर पंगती किती आणि माणसं किती? चार गुणांचं होतं. मी पाहुण्याला पाट मांडला. चार पंगती आल्या, माणसं ब्याण्णव. 

पेपर देऊन आले तेव्हा हे उदाहरण बरोबर आलं याची मला खात्री होती. बाईंनाही मी तसंच सांगितलं.

निकालात सगळे विषय निघाले आणि गणितात एकतीस आले. पस्तीस लागतात.

मी दोन दिवस शाळेत गेले नाही, अंगात कसकस आहे असं कळवलं. वसतिगृहाच्या मॅडमना कळवायचा धीर झाला नाही. रविवारी सकाळी बाई नेकनूरहून मुद्दाम आल्या. मी ओट्यावर गहू निवडत होते, शेजारी खाला मशीनवर कुणाच्या तरी ब्लाउजला बाही जोडत होत्या. बाईंनी चहा नको म्हटलं आणि गणिताची प्रश्नपत्रिका काढली. एकेक उदाहरण तोंडानं सांगायला लावलं, मी काय लिहिलं होतं ते. दोन-तीन ठिकाणी चुका निघाल्या, त्या कुणाच्याही होतात तशा होत्या. मग पंगतीचं आलं. मी म्हटलं, हे बरोबर आहे. चार पंगती, सत्त्याण्णव माणसं.

बाईंनी वर बघितलं. “किती?”

“सत्त्याण्णव.”

त्यांनी कागदावर मांडलं. ब्याण्णव आले. मला म्हणाल्या, वरचे पाच कशाचे? मी गहू निवडायची थांबले. मला आठवलं तसं मी सांगत गेले. ब्याण्णव आल्यावर मी उत्तराकडं बघत बसले होते. चार पंगती, प्रत्येकीत तेवीस, बरोब्बर. एकही जागा रिकामी नाही, एकही पान जास्तीचं नाही. आणि मला बांधीवरची टोपली दिसली. शंभराच्या आत माणसं, म्हणजे पाच धरायला हवेत. मी पाच मिळवले. सत्त्याण्णव लिहिलं. पण मग पायऱ्यांशी जुळेना. म्हणून मी वर जाऊन बाराचे सतरा केले. तरी दुसरी ओळ जुळेना, तेव्हा ती काट मारून खोडून टाकली. इतकं सगळं मी केलं होतं, नीटपणे, पट्टी लावून, आणि बाहेर येताना मला फक्त एवढंच आठवत होतं की उदाहरण बरोबर आलंय.

एकतिसात चार मिळवले तर किती होतात ते तिघींपैकी कोणीच बोललं नाही.

बाईंनी कागदाची घडी घातली, परत उघडली. त्यांना राग आला असावा, पण कुणावर काढायचा ते कळत नसावं. शेवटी त्या म्हणाल्या की चूक त्यांचीच आहे, त्यांनीच पाहुण्याचं डोक्यात भरवलं. मी म्हटलं, नाही हो बाई, पाहुण्यानंच तर मला गणित आलं.  एकोणीस वर्षांनी एक रीत हाती लागली आणि ती माझ्याच दुसऱ्या रीतीनं बुडवली. यातली कुठली सोडायची? आईची सोडली तर मी कोण राहणार, आणि बाईंची सोडली तर पुन्हा त्या फळ्यासमोर.

मशीन थांबलं. खालांना लिहिता-वाचता येत नाही. पण बाईंनी शिकवलेलं सगळं मी रोज संध्याकाळी ओट्यावर मोठ्यानं घोकायची, ते त्यांनी वर्षभर बाह्या जोडता जोडता ऐकलं होतं. तोंडातला दोरा तोडून त्या म्हणाल्या,

“तुझ्या गणितात पाव्हणा कोण व्हता?”

मी म्हटलं, पंगती. पंगती किती ते माहीत नव्हतं.

“मंग तो आला न्हवं? चार म्हून सांगितलं न्हवं त्यानं?”

“सांगितलं.”

“आला, बसला, जेवला, हात धुतला. आता भाकर कुणासाठी थापती गं?”

 खालांनी मशीनला पाय लावला आणि बाही पुढं सरकवली, जसं काही झालंच नव्हतं.

हे वाक्य मी किती वेळा मनात घोळवलं असेल, सांगता येत नाही. माझी मूठ कोण येणार हे ठाऊक नसल्याची होती. गणितात तो ठाऊक नसलेला आधीच धरलेला असतो, पहिल्याच ओळीत, पाट मांडून. उत्तर आलं म्हणजे तो आला. त्यानंतर आणखी धरणं म्हणजे आलेल्याला ओळखलंच नाही असं होतं. एक पाहुणा समोर जेवून उठतोय आणि मी दाराकडं बघत त्याचीच वाट पाहतेय. आईची रीत खोटी नव्हती. मी ती एकाच माणसासाठी दोनदा पाळली होती.

जुलैची फेरपरीक्षा होती. तोवर बाईंनी मला एकच नवी गोष्ट शिकवली, ताळा करायची. आलेलं उत्तर परत उदाहरणात घालून बघायचं. त्या म्हणायच्या, पाव्हण्याला विचारायचं, पोट भरलं का? तो हो म्हणाला की पेन खाली ठेवायचा. बाजाराच्या दिवसांवरून मी त्यानंतरही भांडायची, पण हळू आवाजात.

केंद्र बीडमध्येच होतं. सकाळी निघताना मी दोनदा कुलूप ओढून बघितलं, नवरा हसला, मग त्यानंही एकदा ओढून बघितलं. पेपर हातात आला आणि पाचवं उदाहरण मी थांबून दोनदा वाचलं. सभागृहात काही बाकं आहेत. प्रत्येक बाकावर तीन जण बसवले तर चार जण उभे राहतात. प्रत्येकावर चार बसवले तर तीन बाकं रिकामी राहतात. तर बाकं किती, माणसं किती?

चार जण उभे. मला ते दिसत होते, भिंतीला टेकून, आम्ही ठीक आहोत असं म्हणणारे. बाबांसारखे. मी पाण्याची बाटली उघडून बंद केली. मग बाकांना एक्स धरलं. तिनानं गुणून चार मिळवले. दुसरीकडं तीन बाकं वजा केली, चारानं गुणलं. दोन्हीकडून सारखं सारखं उचलत गेले. सोळा बाकं आली, बावन्न माणसं.

हात पुढं जायला बघत होता, हे मी कबूल करते. सोळाची सतरा करावी, एक बाक भिंतीशी ठेवावं, कोणी उशिरा आलं तर. मी पेन उचलून धरला आणि ताळा केला. सोळा बाकांवर तीन-तीन, अठ्ठेचाळीस, आणि चार उभे, बावन्न. आता चार-चार बसवले. तेरा बाकं भरली, बावन्न. उभं कोणी नाही. आणि तीन बाकं रिकामी.

तीन रिकामी बाकं उदाहरणातच होती. मी ती आधी दोनदा वाचली होती, वजाही केली होती, पण बघितली आत्ता. ज्यानं कोणी तो पेपर काढला असेल त्यानं आपल्या बाजूनं मूठ आधीच टाकून ठेवली होती. माझ्या मुठीची तिथं गरज नव्हती. मी उत्तराखाली रेघ मारली आणि पुढच्या पानावर गेले. वर्गावर देखरेख करणाऱ्या मॅडमनी विचारलं, पुरवणी हवी का. मी म्हटलं, नको, पुरलं.

निकाल लागला त्या दिवशी मी खिचडीत डाळ सोडत होते. बाई वर्गातून मोबाइल घेऊन आल्या आणि माझ्यासमोर धरला. धुरानं मला आकडा दिसेना. त्यांनी वाचला. गणितात सदतीस. त्या रडत नव्हत्या, पण नाक ओढत होत्या, आणि माझ्या जोडीदारणीला म्हणाल्या की धूर लई झालाय, फुंकणी नीट मार. ती म्हणाली, धूर न्हाई बाई, पास झालीय आपली. त्या दिवशीची खिचडी जरा खाली लागली. एकाही पोरानं तक्रार केली नाही.

वसतिगृहाच्या मॅडमनी नाव लिहून घेतलं. दिवाळीनंतर मला बोलावणं आलं. तिथं सगळं ग्रॅमवर चालतं, वहीवर सही असते, आणि मी रोज बरोब्बर तोलून घेते, एक दाणा इकडचा तिकडं नाही. ते गणित आहे आणि ते मला आता येतं. माझ्या स्वतःच्या डब्यात मात्र घरून निघताना दोन भाकरी जास्तीच्या असतात. आठवड्यातून एकदा तरी त्या कुणाच्या ना कुणाच्या उपयोगी पडतात. न पडल्या तर सकाळी मीच खाते, खालांसारखी.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी मी ओट्यावर बसून घरी फोन लावला होता. आई आता थकली आहे. तिला सदतीस म्हणजे काय, शंभरातले की कशातले, ते कळत नाही. फोनवर ती मोठ्यानं बोलते, अंतर फार आहे म्हणून. मी तिला पास झाले म्हणून सांगितलं. रोवणीच्या दिवसांतला तो ताप तिलाही आठवला असेल. तिनं त्याचं नाव काढलं नाही, मीही नाही. मग तिनं विचारलं,

“पुरले का वं तुले?”

“पुरले, माय. पस्तीस लागत होते. दोन उरले.”

“उरले तं ठेवजो,” आई म्हणाली. “कोनी येईन.”